‘तुमच्या घरात दार उघडं आहे’ असं कोणी सांगितलं तर

पत्र थोडक्यात (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत):

एक ताई आहेत, वय चाळिशीच्या आसपास, पिंपरी-चिंचवडला राहतात, माहेर नगरकडचं, तिसऱ्या पिढीचं ख्रिस्ती घर. नवऱ्याने लग्नानंतर बाप्तिस्मा घेतला, सासूबाईंनी घेतला नाही, त्या विठ्ठलाच्या. सगळे एकाच घरात. दोन वर्षांपूर्वी ताईंनी घरातच रविवारी दुपारी चारला वस्तीतल्या मुलांसाठी संडे स्कूल सुरू केलं, बारा-पंधरा मुलं येतात. आणि तेव्हापासून एकामागून एक संकटं. नवऱ्याची चाकणची नोकरी गेली, एकाच दिवशी चाळीस जणांना काढलं त्यात हाही. मग स्कूटरवरून पडून ताईंचा हात मोडला. मग चौदा वर्षांच्या मुलीला फिट्स यायला लागल्या, गोळ्या चालू आहेत, आठ महिन्यांत एकही फिट नाही पण मुलगी सुस्त असते. रविवारी बरोबर चारला सासूबाई टीव्हीचा आवाज मोठा करतात. प्रार्थना ग्रुपमधले एक भाऊ म्हणाले की तुमच्या सेवेमुळे सैतान खवळलाय आणि घरात कुठलं तरी दार उघडं आहे म्हणून तो आत येतोय. दार म्हणजे सासूबाईंच्या कपाटातला विठोबाचा फोटो आणि तुळशीची माळ. उपाय म्हणून एकवीस दिवसांचा उपास, फोटो घराबाहेर, आणि तेवढे दिवस मुलीच्या गोळ्या ‘विश्वासाने’ बंद. नवऱ्याला किंवा पाळकसाहेबांना इतक्यात काही सांगायचं नाही. ताई विचारतात: सैतान खरंच अडवतोय का, माझा विश्वास कमी पडला का, आणि संडे स्कूल बंद करू का?

उत्तर:

जय ख्रिस्त. पत्रात तू मला मावशी म्हटलंस म्हणून एकेरीवरच येते.

बाकी सगळं नंतर, आधी गोळ्या. बंद करायच्या नाहीत, एक दिवस नाही, एक वेळची नाही. मी तीस वर्षं नर्स होते आणि नाईट ड्युटीला एक बाई आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आली होती ती मला अजून दिसते, पोराची फिट थांबतच नव्हती, एक संपायच्या आत दुसरी, डॉक्टरांनी विचारलं गोळ्या चालू होत्या का, तर तिने पदराची गाठ सोडून स्ट्रिप दाखवली. अख्खी स्ट्रिप, एकही गोळी फोडलेली नव्हती. कोणीतरी सांगितलं होतं, विश्वास ठेव, गोळी घेतलीस तर प्रार्थना लागू पडणार नाही. तिने गोळ्या फेकल्याही नव्हत्या गं, पदरात बांधून ठेवल्या होत्या, म्हणजे तिच्याही मनात भीती होतीच. पोरगा वाचला पण पुढे पूर्वीसारखा बोलू शकला नाही. फिट्सच्या गोळ्या अचानक तोडल्या की जोरात फिट येऊ शकते आणि ती लवकर थांबत नाही, हे कुठलाही डॉक्टर सांगेल. मुलगी सुस्त असते म्हणतेस ना, ते डॉक्टरांना सांग, डोस बदलता येतो, औषध बदलता येतं, पण ते त्यांनी बदलायचं. आणि फिट आलीच तर कुशीवर वळवायचं, तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालायचं नाही, चप्पल-कांदा हुंगवायचा नाही, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांच्या वर गेली तर सरळ हॉस्पिटल. संडे स्कूलच्या दोन मोठ्या मुलांनाही हे शिकवून ठेव.

आता तू म्हणशील, मावशी पण बायबलात मार्कच्या नवव्या अध्यायात तर त्या मुलाला आत्म्यामुळेच झटके येत होते. हो, तसंच लिहिलंय, मी ते पुसत नाही. पण मत्तयचा चौथा अध्याय काढ, चोविसावं वचन. लोकांनी प्रभूकडे कोणाकोणाला आणलं त्याची यादी आहे आणि त्यात भूतग्रस्त वेगळे, फेफरेकरी वेगळे, पक्षघाती वेगळे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनाही कळत होतं की प्रत्येक फेफरं म्हणजे भूत नाही. आणि मार्कमधल्या त्या बापाने काय म्हटलं? माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. एवढा अर्धामुर्धा विश्वास होता त्याचा, तरी प्रभूने पोराला बरं केलं, बापाला परत नाही पाठवलं. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता, प्रेषित पौल त्याला ‘प्रिय वैद्य’ म्हणतो, प्रवासात सोबत ठेवतो. आपल्या मिरजेला डॉ. वॉन्लेस यांनी १८९०च्या दशकात मिशन हॉस्पिटल उभं केलं ते विश्वास कमी होता म्हणून का? त्यांच्यासाठी औषध देणं हीच सेवा होती.

तर गोळ्यांचं झालं. आता तुझा खरा प्रश्न, सैतान अडवतोय का.

सैतान वगैरे काही नसतं असं सांगणाऱ्यातली मी नाही. मी मानते की वाईट आहे आणि ते चांगल्या कामाच्या आड येतं, बायबल ते साध्या सरळ शब्दांत सांगतं. पौल थेस्सलनीकाकरांना लिहितो की मी एकदा नाही दोनदा तुमच्याकडे यायला बघितलं पण सैतानाने आम्हाला अडवलं (पहिलं पत्र, २:१८). तिथे जो ग्रीक शब्द आहे त्याचा मूळ अर्थ म्हणे कापणं, रस्ता खणून वाट तोडणं, शत्रूचं सैन्य येऊ नये म्हणून करतात तसं. आपल्याकडे पाइपलाइनसाठी रात्रीत रस्ता खणून ठेवतात आणि सकाळी स्कूटर घेऊन निघालं की पुढे खड्डाच, तसं डोळ्यापुढे आण. हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो कारण नव्या करारात तो आणखीही आलाय आणि दर वेळी वाट तोडणारा वेगळा आहे.

रोमकरांना लिहिताना (१५:२२) पौल म्हणतो मला तुमच्याकडे यायला पुष्कळदा अडथळा झाला, शब्द तोच. पण तिथे सैतानाचं नाव नाही. तिथे कारण त्याचं कामच आहे, यरुशलेमपासून इल्लूरिकमपर्यंत सुवार्ता सांगत फिरत होता, वेळच मिळाला नाही. म्हणजे चांगल्या कामामुळे दुसरं चांगलं काम अडलं. आणि पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:७) नवऱ्यांना सांगितलंय की बायकोला मान देऊन राहा म्हणजे तुमच्या प्रार्थनांना अडथळा होणार नाही. पुन्हा तोच शब्द! प्रार्थनेचा रस्ता कोणी खणला? ना भुताने ना कपाटातल्या फोटोने, घरातल्या माणसाशी वागण्याने. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा थांबून दोनदा वाचलं होतं.

आणि प्रेषितांच्या कृत्यांत सोळाव्या अध्यायात तर पौलाला आशियात वचन सांगायला पवित्र आत्मा मना करतो, बिथुनियात जायला बघतात तर येशूचा आत्मा जाऊ देत नाही. तिथे अडवणारा खुद्द देव. ती वाट बंद झाली म्हणून तो त्रोवसला गेला, तिथून समुद्र ओलांडून फिलिप्पैला, आणि तिथे नदीकाठी लुदिया भेटली. तुझ्या मुलांना तू बलामाच्या गाढवीची गोष्ट सांगितलीच असशील, तिथे वाटेत तलवार घेऊन उभा राहिलेला परमेश्वराचा दूत आहे ना, त्याच्यासाठी मूळ हिब्रूत जो शब्द वापरलाय तो ‘सातान’, म्हणजे आडवा येणारा. देवाचा दूत, आणि शब्द तो!

मग सांग, एकाच पौलाच्या आयुष्यात एक वाट सैतानाने तोडली, एक कामाने, एक देवाने. आणि दर वेळी त्याला लगेच कळलं असेल असंही मला वाटत नाही. मग तुझ्या ग्रुपमधल्या त्या भावांना एका फोनवर, तुझ्या घरात पाऊल न टाकता, कपाटापर्यंतचा पत्ता कसा काय कळला?

तुझ्या नवऱ्याबरोबर चाळीस जणांना काढलं. त्या सगळ्यांच्या घरी संडे स्कूल होतं का? मी तुला खोटं पाडायला विचारत नाहीये, प्रभूनेही असाच प्रश्न विचारला होता. सिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, तर यरुशलेमेत राहणाऱ्या बाकीच्या लोकांपेक्षा ती जास्त अपराधी होती असं तुम्हाला वाटतं का, आणि स्वतःच उत्तर दिलं, नाही. हे लूकच्या तेराव्या अध्यायात. आणि त्याच अध्यायात पुढे ती कंबरेत वाकलेली बाई आहे, अठरा वर्षं सरळ उभी राहू न शकलेली, तिच्याबद्दल प्रभू म्हणतो की सैतानाने हिला बांधून ठेवलं होतं. बघ, एकाच अध्यायात एका संकटाला तो सैतानाचं नाव देतो आणि दुसऱ्याला देत नाही. पण जिथे देतो तिथेही त्या बाईला एक शब्द विचारत नाही की बाई तू कुठलं दार उघडं ठेवलं होतंस, तुझ्या कपाटात काय आहे, तुझी सासू कोण. तिला अब्राहामाची लेक म्हणतो आणि मोकळी करतो. शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवशी बरं केलं म्हणून सभास्थानाचा अधिकारी चिडतो, बरं व्हायला इतर दिवशी या असं लोकांना म्हणतो, तेव्हा प्रभू त्याला झापतो.

माझे मिस्टर गेले तेव्हा तेराव्या-चौदाव्या दिवशी चर्चच्या मंडळीतलं एक माणूस भेटायला आलं, चहा घेतला, आणि म्हणालं, सिस्टर, घरात काही लपलेलं पाप होतं का, आठवून बघा. मी सहा महिने आठवत बसले होते. कपाटं उघडून, जुनी पत्रं काढून, लग्नाआधीचं काय काय आठवून. सहा महिने मी देवाशी बोलले नाही, फक्त हिशोब लावत होते. पुढे संकटांवर संकटं सोसलेल्या ईयोबाचं पुस्तक पुन्हा वाचलं तेव्हा लक्षात आलं, सैतान पहिल्या दोन अध्यायांतच येतो आणि मग बेचाळिसाव्यापर्यंत पुन्हा दिसतच नाही. मधे सगळे मित्रच बोलतात, की तुझंच काहीतरी चुकलं असणार. आणि शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर.

तुझ्या पत्रात एक वाक्य तू असंच जाता जाता लिहिलंयस, की रात्री तीनला जाग येते आणि वाटतं हे सगळं माझ्यामुळेच झालं, मीच देवाला नको झाले. ताई, मला तुझ्या पूर्ण पत्रात सैतानाचं काम कुठे दिसत असेल तर ते इथे. प्रकटीकरणात (१२:१०) त्याची ओळखच ती दिलीय, आपल्या बंधूंना दोष देणारा, रात्रंदिवस देवासमोर त्यांच्यावर आरोप करणारा. जखऱ्याच्या तिसऱ्या अध्यायात महायाजक यहोशवा मळके कपडे घालून उभा आहे आणि सैतान त्याच्या उजव्या हाताला उभा राहून आरोप करतोय, आणि कपडे खरंच मळलेले आहेत, आरोप अगदीच खोटा नाही. पण देव काय करतो? आधी आरोप करणाऱ्याला धमकावतो, मग कपडे बदलायला सांगतो. नोकरी जाते, हात मोडतो, आजार येतो, ही दुनियादारी सगळ्यांच्याच वाट्याला येते, पण रात्री तीनला कानाशी येऊन ‘तुझ्यामुळेच’ म्हणणारा जो आवाज आहे ना त्याला सैतानाचं म्हणायला मला काही अडचण नाही. आणि त्याला उत्तर काय द्यायचं तेही सैतान प्रभूची परीक्षा बघायला आला तेव्हा प्रभूने रानात दाखवलंय, वाद घालायचा नाही, लिहिलेलं वचन सांगायचं आणि पुढे जायचं. पौलाच्या देहातला काटा त्यालाही सैतानाचा दूत वाटत होता, तीनदा विनवणी केली, काटा काही निघाला नाही, उत्तर मिळालं, ‘माझी कृपा तुला पुरे आहे.’ हेच एका चिठ्ठीवर लिहून उशीखाली ठेव, मी ठेवली होती. तीनला जाग आली की लाईट लाव आणि वाच.

रानातलीच आणखी एक गोष्ट. सैतानानेही तिथे वचनच सांगितलं होतं, एक्क्याण्णवावं स्तोत्र, शब्द बरोबर. म्हणून कोणी वचन दाखवून सांगितलं म्हणजे ते देवाकडूनच असं धरून चालायचं नाही. एकवीस दिवस ते भाऊ दानीएलच्या दहाव्या अध्यायावरून सांगतात, पारसाच्या अधिपतीने दूताला एकवीस दिवस अडवून धरलं ते. आहे, तसं लिहिलंय. पण त्याच्या आधीचं वचन वाच, दूत म्हणतो, तू नम्र झालास त्या पहिल्याच दिवशी तुझं ऐकलं गेलं. पहिल्या दिवशी! उशीर झाला तो दानीएलच्या विश्वासात कमी होती म्हणून झाला नाही. आणि दानीएलने सोडलं काय होतं? स्वतःचं चांगलंचुंगलं जेवण, मांस, द्राक्षारस. दुसऱ्याच्या लेकराचं औषध नव्हतं सोडलं. तुला उपास करायचा असेल तर कर, स्वतःच्या ताटातलं सोड, तब्येत सांभाळून, हाताला अजून प्लास्टर असेल तर तेही नको.

आणि ते ‘कोणाला सांगू नका’. हे वाचून मला सगळ्यात जास्त काळजी वाटली. सोळाव्या शतकातले संत इग्नेशियस लोयोला यांनी आध्यात्मिक साधनेचे जे नियम लिहून ठेवलेत त्यात हे आहे, की शत्रूला गुपित आवडतं, त्याचं बोलणं जाणत्या माणसाच्या कानावर घातलं की त्याचा डाव फसतो. त्यांचाच दुसरा नियम, मन खचलेलं असताना आधी केलेला चांगला निश्चय बदलायचा नाही. वसईकडच्या माझ्या कॅथलिक वाचकांनी हे फादरांकडून ऐकलेलं असेल, आपण प्रॉटेस्टंट लोकांनीही घ्यायला काय हरकत आहे. तर आज रात्रीच नवऱ्याला सांग, सगळं, गोळ्यांचंसुद्धा. मुलगी त्याचीही आहे. आणि या आठवड्यात पाळकसाहेबांना भेट, दोघं मिळून.

आता सासूबाई.

तू लिहिलंस की त्या रविवारी चारला मुद्दाम टीव्ही मोठा करतात. मला दोन गोष्टी विचारायच्यात. एक, इतर दिवशी आवाज किती असतो? सत्तरीच्या पुढच्या आहेत, खोलीत पंधरा मुलं गाणी म्हणतायत, त्यांना टीव्ही ऐकूच येत नसेल. एकदा कान तपासून आण त्यांचे, खरंच सांगते. दुसरी गोष्ट, तूच पुढच्या पानावर लिहिलंयस की मुलं यायच्या आधी माठ भरून ठेवतात त्या, आणि गेल्यावर विचारतात बिस्किटं पुरली का. ताई, जी बाई तुझ्या संडे स्कूलच्या पोरांसाठी माठ भरते तिला तू सैतानाचं दार कसं म्हणतेस गं? पौल इफिसकरांना देवाची शस्त्रसामग्री घ्यायला सांगतो तो सहावा अध्याय सगळ्यांना पाठ असतो पण त्याच्या सुरुवातीचंच विसरतात, आपलं झगडणं रक्तामांसाशी नाही. म्हणजे माणसाशी नाही. सासूबाई रक्तामांसाच्या आहेत. आणि त्या भागाच्या अगदी आधी पौल काय लिहीत होता तर नवरा-बायको, आईबाप-मुलं, घरातल्या माणसांनी एकमेकांशी कसं वागावं. कंबरपट्टा सत्याचा, पायात जोडे शांतीच्या सुवार्तेचे. ते जोडे घालून म्हाताऱ्या माणसाच्या कपाटाला लाथ मारायची का?

फोटोला हात लावू नकोस. तो त्यांचा आहे, घरही त्यांचं आहे, आणि त्यांच्या वारीच्या, माळेच्या आठवणी त्यांच्या आहेत. तुझी श्रद्धा तू तुझ्या वागण्यात दाखव, त्यांच्या कपाटात नाही. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ला बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा कडकडून विरोध होता, त्या वेगळ्या राहिल्या, पुढे एकत्र आल्या तरी सोवळं-ओवळं पाळत होत्या. १९००मध्ये त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला, कोणी त्यांचे देव फेकले म्हणून नाही. आणि १९१९मध्ये टिळक गेले तेव्हा ख्रिस्तचरित्रावरचं त्यांचं काव्य ‘ख्रिस्तायन’ अर्धवट राहिलं होतं, ते पुरं कोणी केलं? लक्ष्मीबाईंनी. मी असं म्हणत नाही की तुझ्या सासूबाईंचंही तसंच होईल, होईल किंवा नाही होणार, ते त्या आणि देव. पण आज जिला आपण अडथळा म्हणतो तीच उद्या आपलं अर्धं राहिलेलं काम हातात घेऊ शकते, म्हणून माणसावर असा शिक्का मारायला मी फार घाबरते.

पेत्राला आठव, त्यालाही प्रभू एकदा ‘सैताना, माझ्या मागे हो’ म्हणाला होता. पण त्याला बारा जणांतून काढलं नाही.

इतर वाचकांपैकी कोणाच्या घरी असंच चालू असेल तर त्यांच्यासाठी एक गोष्ट इथेच सांगते. भूत काढायच्या नावाखाली माणसाला बांधणं, मारणं, चटके देणं हे महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, करणारा कुठल्याही धर्माचा असो. कॅथलिक चर्चमध्ये तर बिशपच्या खास परवानगीशिवाय फादरांनाही भूत काढायचा विधी करता येत नाही, आणि आधी हा आजार नाही ना याची खात्री करावी लागते. एवढी जुनी मंडळी इतकी जपून पावलं टाकते. प्रार्थनेला माणूस बोलवा, तेल लावून प्रार्थना करून घ्या, याकोबाच्या पत्रात सांगितलंच आहे वडीलजनांना बोलवायला. पण दार बंद करून नको, घरच्यांपासून लपवून नको, आणि त्याचे पैसे मागत असेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

संडे स्कूल बंद करायचं का? माझं मत, नाही, पण तू दमलीयस हेही खरं. वाट अडली तेव्हा पौलाने काय केलं ते बघ ना. थेस्सलनीकाला पौलाला घरात ठेवून घेणाऱ्या यासोनाच्या घरावर जमाव गेला, त्याच्याकडून जामीन घेतला, काही अभ्यासकांना वाटतं तो जामीन हीच ती अडवणूक, पौल परत आला तर यासोन अडकला असता. म्हणजे सैतानाने अडवलं म्हणतो ते कदाचित कोर्टकचेरीच्या रूपात होतं. मग पौल त्याच्याशी आरडाओरडा करत नाही बसला. स्वतः अथेन्सला एकटा राहिला आणि आपला सोबती तीमथ्य याला तिकडे पाठवलं. आणि पत्र लिहिलं. साधारण ५०-५१ सालचं ते पत्र, त्याच्या आपल्याकडे असलेल्या पत्रांतलं बहुतेक सगळ्यात जुनं, रस्ता खणलेला होता म्हणून ते लिहिलं गेलं आणि आज आपल्या हातात आहे. तर तुझा तीमथ्य कोण? मंडळीत कॉलेजची एखादी मुलगी असेल, महिन्यातून दोन रविवार तिला दे. एखादा रविवार दुसऱ्या कोणाच्या घरी भरव. वेळ चारच्या ऐवजी पाच कर आणि ते सासूबाईंना विचारून ठरव, त्यांचा कार्यक्रम संपला की. नहेम्याच्या वेळी सनबल्लट आणि तोबीया हे विरोधक यरुशलेमेची भिंत बांधू देईनात तेव्हा त्यांनी प्रार्थनाही केली आणि पहाराही बसवला, दोन्ही, आणि बावन्न दिवसांत भिंत पुरी झाली. तुझा पहारा म्हणजे डॉक्टरांची पुढची तारीख, स्कूटरला नवीन टायर, आणि नवऱ्याच्या नोकरीसाठी मंडळीत चार जणांना स्पष्ट सांगणं. लाज कसली त्यात, आमच्या मंडळीत अशा दोघांना काम मिळालेलं मी बघितलंय.

त्या भावांशी भांडू नकोस. त्यांचंही मन चांगलं असेल, त्यांनाही कोणीतरी असंच शिकवलं असेल. एवढंच सांग की प्रार्थना करा माझ्यासाठी, पण मुलीच्या औषधाबद्दल आणि माझ्या सासूबाईंबद्दल मला पुन्हा मेसेज करू नका. ग्रुप म्यूट करून ठेवलास तरी चालेल.

आणि प्रभूच्या प्रार्थनेत आपण रोज म्हणतो ना, आम्हाला वाइटापासून सोडव, ती ओळ आजपासून जरा सावकाश म्हण. ‘सोडव’ हे आपण देवाला म्हणतोय, सोडवायचं काम त्याचं आहे.

पत्रात तू तुझा नंबर दिलायस, मी तो कोणाला देणार नाही. मुलीची रात्रीची गोळी किती वाजता असते ते लिहिलेलं नाहीस. आज ती दिलीस का, एवढं मात्र मला आजच कळव.